दिवा लावण्याआधी महिना ठरवा

विद्यार्थ्यांच्या थ्रीडी फिल्ममधलं जंगल लांबूनही ओळखू येतं. झाडं नीट उभी असतात, पानं हलतात, गवताची पात न् पात वेगळी दिसते आणि तरीही तिथे किती वाजलेत ते कळत नाही. उजेड सगळीकडून येत असतो, सावल्या नुसत्या राखाडी असतात. काहीतरी कमी पडतंय हे करणाऱ्यालाही जाणवतं, म्हणून तो एक एरिया लाइट वाढवतो, मग दुसरा, मग पात्राच्या पाठीमागे एक रिम लाइट. सबमिशनच्या आठवड्यात सीन उघडावा तर आत डझनभर दिवे, आणि त्यातला कुठला कशासाठी लावला होता हे लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

उघड्यावरच्या दृश्याचं लायटिंग करायचं तर आधी कागद घ्या आणि त्यावर तीन गोष्टी लिहा: ठिकाण, महिना, घड्याळातली वेळ. एवढं लिहिलं की सूर्य कुठे, किती उंच, आकाश कसं, जमीन कुठल्या रंगाची, हवेत धूळ की बाष्प, हे सगळं आपोआप ठरतं. तुमच्या हातात फारसं काही उरत नाही, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने हीच मोठी सोय आहे. मी ब्लेंडर धरून बोलणार आहे, कारण ते फुकट मिळतं. माया-अर्नोल्डवाल्यांनी बटणांची नावं बदलून घ्यावीत. सूर्य तोच आहे.

एक उदाहरण धरून चालू. तीन मिनिटांची फिल्म आहे. रत्नागिरीकडच्या गावातली दहा वर्षांची मुलगी हरवलेलं वासरू शोधायला निघते, सड्यावरून देवराईत शिरते, वासरू सापडतं आणि दिवेलागणीला दोघं बाहेर येतात. लायटिंगच्या हिशेबाने जागा तीन: उघडा कातळसडा, देवराईचा आतला काळोख, आणि संध्याकाळचा सडा. आता महिना कुठला? ऑगस्ट म्हटलं तर सडा हिरवा, खळग्यांत पाणी, आभाळ भरलेलं, झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ. नोव्हेंबर म्हटलं तर गवत पिवळं झालेलं, आकाश धुतल्यासारखं, सावल्या धारदार. एप्रिल म्हटलं तर जांभ्याचा उघडा, तांबूस-काळा पृष्ठभाग आणि वर पांढुरकं आभाळ. झाडांची आणि दगडांची मॉडेलं तिन्ही वेळा जवळजवळ तीच राहतील, पण फिल्म तीन वेगळ्या होतील. मी ऑगस्ट घेईन. एक तर हरवण्याच्या गोष्टीला तो शोभतो. दुसरं म्हणजे धुक्यात लांबचे डोंगर अर्धे बुडतात आणि तेवढं मॉडेलिंग वाचतं. हे दुसरं कारण ज्यूरीला सांगू नका.

दिवे दोनच

उघड्यावर दिवे दोनच असतात, सूर्य आणि आकाश. जमिनीवरून, भिंतीवरून, पानांवरून उसळून येणारा उजेड तिसरा खरा, पण तो या दोघांचीच देणगी असतो आणि रेंडरर तो स्वतः काढतो. नवशिक्यांच्या बहुतेक चुका या दोन दिव्यांचं आपसातलं प्रमाण बिघडल्याने होतात.

प्रमाण साधारण असं: स्वच्छ दिवसाच्या भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड पडतो. त्याच क्षणी शेजारच्या सावलीत, जिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो, तिथे दहा ते वीस हजार लक्स असतो. म्हणजे ऊन सावलीपेक्षा पाच ते दहा पट उजळ. कॅमेऱ्याच्या भाषेत सव्वादोन ते सव्वातीन स्टॉप. हा फरक दोनच पट ठेवला तर ऊन पडल्यासारखं वाटत नाही आणि तीस पट केला तर चंद्रावरचं दृश्य वाटतं, कारण तिथे वातावरणाचं आकाश नसतं.

तपासायला सोपी रीत आहे. सीनमध्ये एक राखाडी गोळा ठेवा, बेस कलर 0.18, रफनेस पूर्ण. आधी फक्त आकाश लावा आणि सूर्य बंद ठेवा. गोळा वरून उजळ, खालून किंचित जमिनीच्या रंगाचा दिसला पाहिजे. मग फक्त सूर्य लावा. मग दोन्ही एकत्र लावून उन्हातल्या आणि सावलीतल्या भागाचे पिक्सेलचे आकडे पाहा. ब्लेंडरच्या इमेज एडिटरमध्ये रेंडरवर उजवं बटण दाबून धरलं की खाली दिसतात. भागाकार पाच ते दहाच्या दरम्यान येईपर्यंत झाडाला हात लावू नका. चित्र फार उजळ किंवा काळं वाटलं तर दिव्यांशी खेळू नका, एक्स्पोजर बदला. ब्लेंडरचं स्काय टेक्श्चर पहिल्यांदा लावलं की पडदा पांढराफटक पडतो आणि विद्यार्थी घाबरून सूर्यच मंद करतात. तिथे कॅमेऱ्याचं छिद्र बारीक करायचं असतं, सूर्य विझवायचा नसतो.

रंगाचंही तसंच. माध्यान्हीच्या उन्हाचं रंगतापमान साधारण 5500 केल्विन धरतात; निळ्या आकाशाचं दहा हजारांच्या वर जातं. हवेचे रेणू आखूड लांबीच्या लहरी जास्त विखुरतात आणि हे विखुरणं लहरीच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणून निळा उजेड तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतो. सावलीत पोचतो तो हाच विखुरलेला निळा. सावली निळसर असते हे एकदा समजलं की विद्यार्थी ती शाईत बुडवतात, हा पुढचा धोका. खरी सावली निळसर असली तरी शेजारच्या उन्हात न्हालेल्या जमिनीचा रंगही तिच्यात मिसळलेला असतो. जांभ्याच्या सड्यावर उभ्या असलेल्या मुलीच्या हनुवटीखाली निळं नाही, तांबूस दिसेल. पांढऱ्या फ्रॉकच्या खालच्या घडीतही. रेंडर सेटिंगमध्ये डिफ्यूज बाउन्स शून्यावर आणून ठेवला असेल तर हा तांबूसपणा कधीच येणार नाही. निदान दोन-तीन ठेवा.

सूर्याचा आकारही सांभाळा. आकाशात तो सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो आणि ब्लेंडरच्या सन लाइटमध्ये ‘अँगल’ मुळातच 0.526 अंश दिलेला असतो. सावली ‘सॉफ्ट’ दिसावी म्हणून तो दहा अंश करणारे खूप भेटतात. तसं केलं की जवळच्या गवताची सावलीही विरघळते आणि दृश्य खेळण्यातलं वाटायला लागतं. खऱ्या उन्हात सावलीची कड अंतराप्रमाणे पसरते: वस्तू जमिनीपासून एक मीटर उंच असेल तर जेमतेम सेंटिमीटरभर, दहा मीटर उंच असेल तर नऊ-दहा सेंटिमीटर. मुलीच्या पायाशी कड धारदार आणि उंच फांदीच्या सावलीची मऊ, हा फरक डोळा मोजत नाही, पण ओळखतो.

आयता सूर्य आणि आपला सूर्य

पॉली हेवनसारख्या ठिकाणी एचडीआरआय फुकट मिळतात आणि सीसी-झिरो परवान्यामुळे त्या निर्धास्त वापरता येतात. खऱ्या जागेचा उजेड टिपून तो संगणकातल्या वस्तूंवर टाकायची रीत पॉल डेबेवेक यांनी 1998 मध्ये सिग्राफच्या निबंधात मांडली आणि आज ती प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताशी आहे. पण ती प्रतिमा कुठे काढली आहे ते पाहून घ्या. लंडनमध्ये डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो आणि ऐन जूनमध्येही 62 च्या पुढे जात नाही. पुण्यात डिसेंबरमध्येसुद्धा तो 48 अंशांवर असतो, आणि मेच्या मध्याला व जुलैच्या अखेरीला बरोबर डोक्यावर येतो. तेच आपले शून्य सावलीचे दिवस. युरोपातल्या दुपारचं लांब सावल्यांचं, मधाळ ऊन कोकणच्या सड्यावर ओतलं तर प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण गाव परकं वाटेल.

त्यामुळे आपल्याकडची दुपार दाखवायची तर सावल्या आखूड ठेवण्याची हिंमत करा. डोक्यावरचं ऊन ‘सुंदर’ नसतं असं शिकवलं जातं. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, हे खरंच. पण आपल्या शेतात, सड्यावर, एसटी स्टँडवर आयुष्य त्याच उजेडात चालतं, आणि जमिनीवरून उसळणारा उजेड नीट येऊ दिला तर चेहरे वाचता येतात.

एचडीआरआयमध्ये आणखी एक खोट असते. टिपताना सूर्याचा झोत पूर्ण पकडला गेला नसेल तर तिथले पिक्सेल कापलेले असतात. प्रतिमेत सूर्य दिसतो, पण सावली मिळमिळीत पडते. ओळखायचं कसं? सूर्याच्या जागी कर्सर नेऊन आकडा पाहा. तो दहा-वीसच्या घरात असेल तर सूर्य कापला गेलाय; पुरा टिपलेला असेल तर आकडा हजारोंत जातो. उपाय सरळ आहे: प्रतिमेतला सूर्य आजूबाजूच्या आकाशाच्या रंगाने पुसून टाका आणि त्याच दिशेला स्वतःचा सन लाइट लावा. प्रमाण तुमच्या हातात राहतं आणि नॉइजही कमी होतो.

स्वतःचा संदर्भ गोळा करणं याहून चांगलं. एका प्लास्टिकच्या चेंडूला मॅट राखाडी रंग द्या, सोबत स्टीलची पळी घ्या. जिथली फिल्म आहे तिथे, त्या महिन्यात, ठरवलेल्या वेळी दोन्हींचे फोटो काढा. चेंडूवर उजेडाची दिशा आणि सावलीचा मऊपणा कळतो. पळीच्या फुगीर पाठीत जवळजवळ सगळं आकाश दिसतं. मोबाइलचा ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा, एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर मोबाइल प्रत्येक फोटो ‘सुधारून’ देतो आणि सकाळ-संध्याकाळ सारखीच दिसते.

भरलेल्या आभाळाखाली

आपली फिल्म ऑगस्टमधली आहे, तेव्हा सूर्याचं एवढं पुराण सांगून तो आता ढगाआड घालवतो. ढगाळ उजेड म्हणजे सगळीकडून सारखा उजेड, असा समज आहे आणि पहिल्या परिच्छेदातलं बेचव जंगल त्यातूनच निघतं. पूर्ण भरलेल्या आभाळाचं जे प्रमाणित गणित प्रकाशशास्त्रात वापरतात, त्यात माथ्यावरचं आकाश क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा तिप्पट उजळ असतं. म्हणजे ढगाळ दिवसालाही दिशा आहे, आणि ती वरून खाली आहे. वर्ल्डमध्ये एकच राखाडी रंग भरण्याऐवजी माथ्याला 3 आणि क्षितिजाला 1 असा ग्रेडियंट द्या. एवढ्यावरच दगडांना वजन येतं. गवताच्या मुळाशी, दगडाच्या पोटाशी, वासराच्या पोटाखाली गडद होत जाणारा भाग दिसू लागतो.

या उजेडात सावली काम करत नाही, चमक करते. म्हणून ओल दाखवणं हे इथे लायटिंगचंच काम आहे. भिजलेला दगड दोन गोष्टींनी ओळखू येतो: त्याचा मूळ रंग गडद होतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. शेडरमध्ये बेस कलर साधारण निम्म्यावर आणा, रफनेस 0.8 वरून 0.2-0.3 वर आणा, आणि हे सगळीकडे सारखं करू नका. पाणी उताराने वाहतं, खळग्यात साचतं, उभ्या कडेवरून निथळतं. एक काळा-पांढरा मास्क रंगवून खळगे पूर्ण ओले, उंचवटे अर्धे सुके ठेवा. सड्यावरच्या डबक्यात आभाळाचा पांढरा तुकडा पडला की फ्रेममधली सर्वांत उजळ जागा जमिनीवर येते. मुलीला त्या डबक्याच्या बाजूने चालवा. तिची काळी आकृती वेगळा दिवा न लावता उठून दिसेल.

पाऊस पडताना दाखवायचा असेल तर मागे काळोख हवा. पांढऱ्या आभाळापुढे पाऊस दिसतच नाही. देवराईच्या गडद कडेपुढे दिसतो. मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने पडतो. 24 फ्रेमच्या फिल्ममध्ये शटर नेहमीप्रमाणे 1/48 सेकंद धरलं, तर एका फ्रेममध्ये त्याची जवळपास 19 सेंटिमीटरची रेघ उमटते. मोशन ब्लर न लावलेले गोल थेंब हवेत लटकलेले साबुदाणे दिसतात.

हा उजेड शिकायचा तर आपल्या माणसांचं काम समोर ठेवा. अविनाश अरुण यांनी 2014 च्या ‘किल्ला’चं दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही केलं; कोकणातला पाऊस त्यात आहे. ‘तुंबाड’मध्ये (2018) पंकज कुमार यांनी ढगाळ उजेड किती काळोखात नेता येतो ते दाखवलं आहे. फ्रेम थांबवून बघा: सर्वांत उजळ जागा कुठे आहे, सर्वांत गडद कुठे, आणि त्यांच्यामधली पायरी केवढी. हे करड्या रंगात, काडेपेटीएवढ्या आकारात पेन्सिलने काढा. तुमच्या फिल्मच्या प्रत्येक शॉटचं असं काडेपेटी-चित्र आधी झालं पाहिजे. तिथे जे वाचता येत नाही ते रेंडर झाल्यावरही वाचता येणार नाही.

धुक्याबद्दल एक व्यवहारी गोष्ट. पावसाळी धुकं पांढरं-करडं असतं, कारण पाण्याचे कण लहरींपेक्षा मोठे असतात आणि सगळे रंग सारखेच विखुरतात. नोव्हेंबरच्या कोरड्या हवेतले लांबचे डोंगर निळे दिसतात, ते वेगळं. दोन्हीत आधी बदलतात ते गडद भाग: लांबच्या डोंगराचा काळा आधी करडा होतो, उजळ भाग बराच वेळ टिकून राहतो. खरा व्हॉल्यूम लावून हे करायला गेलात तर रेंडर रांगेल. मिस्ट पास काढा आणि कंपोझिटिंगमध्ये आकाशाचा रंग त्यातून मिसळा. कॅमेरा धुक्यातून आत शिरतो असा एखादाच शॉट असेल तर तिथे खरा व्हॉल्यूम वापरा.

देवराईच्या आत

मुलगी आत शिरते तेव्हा ढग थोडे फाटलेत असं धरू. श्रावणात हे घडतंच, आणि गोष्टीलाही हवं आहे, कारण वासरू कवडशात उभं दिसायचं आहे.

कवडशांकडे नीट पाहिलंय? पानांमधली फट त्रिकोणी असो की वाकडीतिकडी, जमिनीवर पडणारा कवडसा गोल किंवा लंबगोल असतो. कारण ती लहान फट सूर्याची प्रतिमा टाकते, सुईच्या छिद्राच्या कॅमेऱ्यासारखी. सूर्याच्या अर्ध्या अंशाच्या हिशेबाने त्या गोलाचा व्यास फटीपासूनच्या अंतराच्या साधारण 1/108 येतो. छत 15 मीटर उंच असेल तर कवडसा 14 सेंटिमीटरचा. ऊन तिरपं झालं की तो लांबट होतो. एकमेकांवर चढलेल्या अशा असंख्य गोलांनी देवराईची जमीन चितारलेली असते. सन लाइटचा अँगल शून्य केला तर त्याऐवजी पानांच्या धारदार कातरणांचा सडा पडतो, आणि दहा अंश केला तर काहीच पडत नाही. अर्धा अंश ठेवला की गोल आपोआप येतात, मात्र वरचं छत खरंच तेवढ्या उंचीवर हवं.

यासाठी शंभर झाडं उभी करण्याची गरज नाही. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या भागात, 12-15 मीटर उंचीवर फटीफटींचं अल्फा टेक्श्चर लावलेला एक आडवा पृष्ठभाग ठेवा आणि कॅमेऱ्यासाठी अदृश्य करा. नाटक-सिनेमावाले याला गोबो म्हणतात. त्याला अगदी मंद हालचाल द्या. वाऱ्याने कवडसे सरकतात, पण त्याहून जास्त ते उजळतात आणि मंदावतात. असाच एक प्रचंड गोबो सड्यावर, ढगांच्या सावल्यांसाठी, टेकड्यांवरून सरकवता येतो. पुढची जमीन ढगाच्या सावलीत आणि मधला पट्टा उन्हात ठेवला की नजर आपसूक मधल्या पट्ट्यावर जाते. निसर्गचित्रकारांची ही जुनी युक्ती आहे.

आता पान. बहुतेक विद्यार्थ्यांचं हिरवं फार उजळ आणि फार हिरवं असतं. जिवंत पान डोळ्याला दिसणाऱ्या उजेडातला फार थोडा भाग परत पाठवतं, हिरव्यातलाही दहा-पंधरा टक्केच. लाल आणि निळं ते जवळजवळ पिऊन टाकतं. बेस कलरला लाल 0.05, हिरवा 0.11, निळा 0.03 अशी सुरुवात करून पाहा. रंगाच्या चौकोनात ते काळपट दिसेल, घाबरू नका. उन्हात ठेवलं की जागेवर येईल. आणि पानातून उजेड आरपार जातो, तो वेगळ्या रंगाचा, पिवळसर हिरवा. पानाला ट्रान्सल्युसंट शेडर नसेल तर सूर्याकडे तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्यात सगळी झाडी कागदी दिसते. देवराईतला तो हिरवा काळोख निम्मा या आरपार आलेल्या उजेडाचा असतो.

इथे हमखास होणारा एक घोटाळा: पानं अल्फा कार्डांची असतील, म्हणजे चौकोनी पृष्ठभागावर पानाचं चित्र आणि बाकी पारदर्शक, तर दाट झाडीत काळे डाग पडतात. लोक त्यांना सावली समजतात. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररमध्ये पारदर्शक थर किती ओलांडायचे याची मर्यादा मुळात 8 असते. किरण नवव्या पारदर्शक थराला पोचला की काळा होऊन थांबतो. ती 24-32 करा, डाग जातात. वेळ वाढतो, म्हणून शक्य तिथे पानाच्या आकाराचाच जाळीदार मेश वापरलेला बरा. टेक्श्चरच्या बाबतीत इतकंच पाहा की नॉर्मल आणि रफनेसच्या प्रतिमा ‘नॉन-कलर’ लावल्या आहेत आणि बुंध्याच्या फोटोत आधीच कुणाची सावली पडलेली नाही.

मुलीचा चेहरा या काळोखात हरवणार, तेव्हा थोडी लबाडी करावी लागेल. लबाडी चालते, फक्त तिला निमित्त हवं. कवडसा शेजारच्या शेवाळलेल्या दगडावर पडतोय, तर त्या बाजूने एक मंद, हिरवट एरिया लाइट फक्त तिच्या चेहऱ्यावर. आणि डोळ्यात एक चमक, छताच्या फटीच्या दिशेने. असा निवडलेला उजेड बघायचा तर शॅरन कॅलहन यांचं काम पाहा. त्यांनी पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी’पासून ‘फाइंडिंग नीमो’, ‘रॅटाटुई’ आणि ‘द गुड डायनोसॉर’पर्यंतच्या फिल्म्सचं लायटिंग सांभाळलं. त्या उघड्यावर बसून निसर्गचित्रं रंगवतात, आणि ‘द गुड डायनोसॉर’मध्ये (2015) ते दिसतं: अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या नकाशांवरून उभारलेली जमीन आणि तिच्यावर चित्रकाराने निवडलेला उजेड. त्यांच्या 1996 च्या सिग्राफ अभ्यासक्रमातल्या टिपणाचा विषयच लायटिंगमधून गोष्ट कशी सांगावी हा होता. लायटिंग शिकणाऱ्याने ते टिपण मिळवून वाचावं.

दिवेलागण

आपल्याकडे संध्याकाळ घाईत असते. विषुवाच्या सुमाराला पुण्या-रत्नागिरीच्या अक्षांशावर सूर्य तासाला सुमारे 14 अंश खाली येतो, लंडनमध्ये नऊ-साडेनऊ. सहा अंशांवरून क्षितिजाला टेकायला त्याला आपल्याकडे पंचविसेक मिनिटं लागतात. क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड माथ्यावरच्याच्या सुमारे 38 पट हवा कापून येतो, म्हणून तो तांबडा आणि क्षीण. त्या वेळी आकाश आणि सूर्य यांचं भांडण मिटतं. दोघं जवळजवळ बरोबरीत येतात आणि सावल्या भरून निघतात. सूर्य केशरी केला पण प्रमाण दुपारचंच ठेवलं, तर संध्याकाळ होत नाही, नाटकातला स्पॉट होतो.

कोकणात पश्चिमेला समुद्र मोकळा आहे, तिथे हे शेवटचं ऊन जमिनीला समांतर येतं. घाटमाथ्याच्या पूर्वेला, दरीतल्या गावात फिल्म असेल तर डोंगर सूर्याला तासभर आधीच गिळतो. तिथे तांबडं ऊन फक्त समोरच्या कड्यावर पडेल आणि गाव निळसर सावलीत असेल. ठिकाण कागदावर लिहायला सांगितलं ते यासाठी. आपल्या फिल्ममध्ये शेवटचे पाच-सहा शॉट या पंचवीस मिनिटांतले आहेत. त्यांच्या सूर्याची उंची 5, 4, 2, 1 अशी क्रमाने लिहून ठेवा. मुलगी दोन वेगवेगळ्या कोनांतून दिसते म्हणून सूर्य जागा बदलत नाही. फारच अडलं तर दहा-पंधरा अंश सरकवा, त्याहून जास्त प्रेक्षक पकडतो.

रात्रीचा शॉट नसेल तर घालू नका. असलाच, तर लक्षात ठेवा की पौर्णिमेचा चंद्रही सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद असतो आणि त्याचा निळेपणा डोळ्याचा आहे, चंद्राचा नाही. दिवसाचंच लायटिंग घेऊन, एक्स्पोजर उतरवून, रंग फिके करून निळसर केलेलं पडद्यावर जास्त पटतं.

वेळेचा हिशेब

तीन मिनिटांच्या फिल्मच्या 24 च्या हिशेबाने 4320 फ्रेम होतात. फ्रेमला दहा मिनिटं लागली तर 720 तास, म्हणजे एका मशीनवर अखंड तीस दिवस. दोन मिनिटांवर आणलं तर सहा दिवस. लोडशेडिंग आणि लॅबची कुलपं धरून हिशेब करा. हा आकडा लायटिंग सुरू करण्याआधी ठरवायचा असतो, शेवटी नाही.

वेळ वाचवायच्या जागा ठरलेल्या आहेत. झाडं आणि गवत इन्स्टन्स म्हणूनच पेरा, कॉपी करून नाही. लांबचे डोंगर आणि झाडी हलत्या कॅमेऱ्यातही फारसे बदलत नसतील तर एकदा मोठ्या आकारात रेंडर करून चित्र म्हणून मागे लावा. डीनॉइझर वापरा, पण पानांवर जपून: सँपल फार कमी असतील तर तो पानं पुसून लोण्यासारखी करतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी पुसतो, त्यामुळे झाडी उकळल्यासारखी दिसते. म्हणून एका फ्रेमवर भुलू नका. नेहमी सलग 24 फ्रेम अर्ध्या आकारात काढून पळवून पाहा.

सायकल्सचा हट्टही धरू नका. गिंट्स झिल्बलोडिस या लाटव्हियन दिग्दर्शकाची ‘फ्लो’ जंगल, पूर आणि उजेड यांनीच भरलेली आहे. ती ब्लेंडरमध्ये केली, त्याच्याच ईव्ही या दुसऱ्या रेंडररमध्ये रेंडर केली आणि 2025 मध्ये तिला सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. पानापानांत खरेपणा नाही तिच्यात. दिवसाची वेळ मात्र प्रत्येक शॉटमध्ये कळते. शिकण्यासाठी ब्लेंडर संस्थेच्या ‘स्प्रिंग’सारख्या (2019) खुल्या फिल्म्सच्या सीन फाइल्स उघडा आणि एकेक दिवा बंद करत पाहा, कोण काय करतोय ते.

शेवटचं काम प्रोजेक्टरचं. तुमची फिल्म तुमच्या लॅपटॉपवर बघितली जाणार नाही, ती कॉलेजच्या हॉलमध्ये, अर्धवट ओढलेल्या पडद्यांच्या उजेडात, जुन्या प्रोजेक्टरवर दिसणार आहे. तिथे देवराईचे गडद भाग एकजात करडे होतील आणि वासरू दिसेनासं होईल. काळोखाचे तीन-चार शॉट आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन त्या हॉलमध्ये लावा, मागच्या रांगेत बसा, आणि वासरू दिसेपर्यंत त्याच्या मागची झाडी उजळ करा. वासराला हात लावू नका.